म्हाताऱ्या कोंबड्याचं पाणी

ऑक्टोबर. वाढत्या चंद्राची चौथी.

आजही आबांनी थाळी सरकवली. विबियसनं मसूर शिजवले होते. वरून वाळवलेला शेपू, कुटलेले धने आणि आंबवलेल्या माशांचं ते त्याचं लाडकं पाणी. त्याच्या वासानं आमच्या गल्लीतली सगळी मांजरं दिवसभर दारात बसून असतात. आबांनी एक घास तोंडात घेतला, परत हातावर काढला आणि निरखून बघितला.

"गवत आहे," म्हणाले.

"शेपू आहे आबा."

"तेच. मी काय मेंढरू आहे?"

विबियसचं तोंड एवढंसं झालं. रोमी सैन्यातून सुटताना लोक जमिनी मागतात. माझ्या नवऱ्यानं बियांच्या पुरचुंड्या आणल्या. धने, शेपू, अजमोदा आणि कोबी, शिवाय चेरीची दोन रोपं, ओल्या गोणपाटात गुंडाळून. वेशीजवळ खानावळ काढली, मागच्या अंगणात वाफे केले. त्याला वाटतं, या देशात घरोघरी शेपू पिकला की लोक शहाणे होतील. मी म्हटलं, आधी लोकांना खाऊ तर दे.

आबांना, माझ्या वडिलांना, सुगीनंतर गाडीत घालून इथे आणलं. छाती धरलीये. खोकतात, पेजेचे दोन घोट घेतात, भिंतीकडे तोंड करून पडून राहतात. खांद्याचं हाड कपड्यातून वर आलंय. गावाहून येताना त्यांनी एकच गोष्ट बरोबर आणली. करंडीतून तीन कोंबडे. सरदार, तांबडा आणि एकडोळ्या. तिघंही म्हातारे, तिघंही भांडखोर. आमच्यात कोंबडा पाळतात तो बघायला आणि ऐकायला. ससा, हंस, कोंबडा खायचा नाही, हे मूल बोलायला लागायच्या आधी शिकतं. मी या खानावळीत रोज कोंबड्या कापते, शिजवते, वाढते. पण अजून एक तुकडा तोंडात घातलेला नाही. जीभच वळत नाही.

लिहायला विबियसनंच शिकवलं, या लाकडाच्या पातळ चिपांवर, उद्या काय शिजणार ते मांडून ठेवायला. मी हे लिहिते. माझं अक्षर त्याला लागत नाही, तेच बरं.


सहावी.

निकानोर वैद्य आला होता. ग्रीक माणूस, बोलताना आपल्याच दाढीशी बोलल्यासारखा बोलतो. आबांच्या छातीला कान लावला, नखं बघितली, मग मला चुलीपाशी घेऊन आला.

"म्हातारा कोंबडा," म्हणाला. "जितका जून, तितका गुणकारी. सकाळपासून उकळत ठेवायचा. मीठ, अजमोदा, शेपू. पाणी आटून वाडगाभर उरलं की गाळून प्यायला द्यायचं."

मला हसूच आलं. "वैद्यबुवा, त्यापेक्षा विष सांगा. ते आनंदानं घेतील."

"विषाची गरज नाही. भूक करतेय ते काम," तो म्हणाला आणि हात धुवायला गेला.

हसू कुठल्या कुठे पळालं. मेंढीचं पाणी चालणार नाही का, विचारलं. चालेल म्हणाला, पण त्याची चरबी या पोटाला पेलणार नाही. परवा दिलं होतं मी. पेललं नव्हतंच.


आठवी.

ब्रिगोमाला आत्या गावाहून चालत आली. चीजचा गड्डा आबांच्या उशाशी ठेवला, आणि स्वयंपाकघरात टांगलेल्या कोंबड्या दिसल्या तसा पदर नाकाला लावला.

"कशी राहतेस गं या वासात?"

"तुझ्या भावाला इथेच ऊब आहे आत्या. तुझ्या झोपडीत धूर आहे नुसता."

"धूर परवडला," ती म्हणाली. दोघी भांडलो नाही एवढंच.

जाता जाता बोललीच. "त्याची वेळ आली की निरोप धाड. तोंड मी धुणार." आमच्यात मरणाऱ्याचं तोंड बहिणीनं झऱ्याच्या पाण्यानं धुवायचं असतं. धुताना विचारायचं, या तोंडानं ससा, हंस, कोंबडा खाल्ला का? तोंड स्वच्छ असेल तर माणूस टेकडीवर जातो, बांधाच्या आत, आपल्या माणसांत. आबांची जागा आईशेजारी राखलेली आहे. आई गेली तेव्हा मी गुडघ्याएवढी होते. आबांनी दुसरी बायको केली नाही. विचारलं कुणी तर म्हणायचे, मला माझी जागा माहीत आहे.

आणि आत्यानं पुन्हा एनिकाची गोष्ट सांगितली. लहानपणापासून शंभरदा ऐकली असेल. एनिकानं आजारी नवऱ्याला हंसाची चरबी घातली, त्याला न सांगता. तो तोंड स्वच्छ म्हणून टेकडीवर गेला. मागाहून कळलं. मग गावात एनिकाला कुणी चुलीतला विस्तव दिला नाही, आणि मेली तेव्हा बांधाबाहेर पुरली.

"न कळत खाल्लं तर घालणारीचं पाप," आत्या म्हणाली. "जाणून खाल्लं तर खाणाऱ्याचं."

मला सांगत होती का? माझ्या तोंडावर काही दिसतं का?


दहावी.

बाजार पालथा घातला. म्हातारा कोंबडा कुणाकडेच नाही. शहरात कोंबडा म्हातारा होऊच देत नाहीत, त्याआधीच ताटात येतो. कोवळे वाटेल तेवढे. निकानोर म्हणाला कोवळ्याचा उपयोग नाही.

अंगणात तीन म्हातारे कोंबडे आहेत.

हे लिहून मी बराच वेळ चीप पालथी घालून बसले.

आबांना कळणार नाही, म्हणजे आबांचं तोंड स्वच्छ. टेकडी त्यांची, आईशेजारची जागा त्यांची. पाप माझं. मला कुठे टेकडीवर जायचंय? माझा नवरा रोमी, माझी चूल रोमी, मला वेशीबाहेर रस्त्याकडेला पुरतील त्याच्याबरोबर. असं मी स्वतःला सांगितलं. खोटं आहे. मलाही आईजवळच जायचंय. पण ते पुढचं पुढे.


अकरावी.

तांबड्याला घेतलं. स्वतः मान मुरगळली, विबियसला हात लावू दिला नाही. सकाळपासून पाणी रटरटत होतं. अजमोदा, शेपू, धने आणि माशांचं पाणी सढळ हातानं घातलं, मूळ वास कुठेच राहू नये म्हणून.

आबांना म्हटलं, "मेंढीचं आहे. चरबी काढलीये."

त्यांनी वाडगा नाकाशी धरला. बराच वेळ धरला. मग त्यांनी तोंड भिंतीकडे केलं, ओठ हलवले आणि सगळं प्यायले. सगळं! एक थेंब ठेवला नाही. आबा खाण्याआधी कधी काही पुटपुटत नसत. आजारपणात माणूस देवभोळा होतो, दुसरं काय.

मग म्हणाले, "गवत होतं त्यात."

"होतं."

"बरं होतं."

मी स्वयंपाकघरात येऊन विबियसच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. त्याला वाटलं शेपूचं कौतुक झालं म्हणून. तोही गहिवरला, वेडा.


बारावी.

सकाळी आबांनी विचारलं, "तांबडा ओरडला नाही."

ते पडल्या पडल्या ऐकत असतात हे माझ्या ध्यानातच नव्हतं. "कोल्ह्यानं नेला आबा," म्हटलं.

आबांनी कूस बदलली. मग म्हणाले, "कोल्ह्याला मारू नका हं. त्याच्याही घरात कुणी उपाशी असेल."

हेच आबा एकेकाळी एका कोल्ह्यामागे दोन टेकड्या धावले होते. माझं नाव लोवर्निस्का, म्हणजे कोल्ही, ते त्यांनीच ठेवलेलं, कारण मी घरातलं चीज चोरायची. म्हातारपणी माणूस मऊ होतो.


पौर्णिमा.

आबा उठून बसले! भिंतीला टेकून, पण बसले. तांब्याचं पातेलं घासताना मी गाणं म्हणत होते म्हणे. विबियसनं सांगितलं, मला कळलंच नाही.

तांबड्याचं पाणी संपलंय. आज नुसती पेज दिली. आबांनी दोन घोट घेतले आणि माझ्याकडे बघत राहिले. डोळे सुजले होते माझे, चुलीचा धूर म्हटलं.

"ते पाणी नाही केलंस आज?" त्यांनी विचारलं.

"हवंय?"

"हवंय की. कर." आणि थोड्या वेळानं, "कोल्हे, ऐक. तो कोल्हा परत आलाच तर एकडोळ्याला ने म्हणावं. त्याला दिसत नाही, थंडीत हाल होतात बिचाऱ्याचे. सरदाराला शेवटी ठेव म्हणावं."

मी खो खो हसले. आबा थट्टा करायला लागले म्हणजे दुखणं हटलं. तिघी आयांना, आमच्या देवींना, दिवा लावला.


उतरत्या चंद्राची दुसरी.

एकडोळ्या गेला. आबांनी वाडगा घेतला, भिंतीकडे वळले, पुटपुटले, प्यायले. पिताना डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. मिरी जास्त झाली होती का? पुढच्या वेळी कमी घालेन.


उतरती चौथी.

विबियसशी कडाक्याचं भांडण.

"सांगून टाक त्यांना," तो म्हणाला.

"काय सांगू? तुमच्याच हातानं वाढवलेले कोंबडे तुम्हाला पाजले?"

"अगं, तो पक्षी आहे. माझी आजी दर सणाला करायची. तुमचे देव काय हाडं मोजत बसलेत?"

"तुझे पुजारी देवासाठी आतडी उलगडून बघतात, तेव्हा नाही हसू येत तुला!"

तो चिडला नाही, तेच त्याचं वाईट आहे. हळूच म्हणाला, "कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, लोवर्निस्का."

"झाकायला कोंबडं उरलंय कुठे? एकच आहे," मी म्हटलं. बाहेर गिऱ्हाईक ओरडत होतं वाढा म्हणून.


नोव्हेंबर. अमावास्येच्या आसपास.

पाऊस थांबत नाही. चेरीचं एक रोप मुळाशी कुजलं. विबियस ते हातात घेऊन अंगणात उभा होता, भिजत. इथली माती सगळंच कुजवते म्हणाला.

आबांना पुन्हा ताप. खोकल्यातून आज रक्त पडलं.


वाढती दुसरी.

निकानोर येऊन गेला. पाणी चालू ठेवा म्हणाला, पण डोळ्याला डोळा भिडवला नाही.

सरदाराला हात लावू नये असं फार वाटत होतं. तो माझ्याबरोबर अंगणभर फिरतो, सांडलेले दाणे टिपत. मी स्वयंपाकघरातून दोनदा बाहेर गेले, दोनदा परत आले. तिसऱ्यांदा रिकाम्या हातानं नाही आले.

आबांनी चार घोटच घेतले. पण घेतले. माझा हात धरून म्हणाले, "झालं ना तुझ्या मनासारखं?"

"तुम्ही बरे झालात की होईल."

"हो," म्हणाले.


वाढती तिसरी.

सकाळ झाली आणि कुणीच ओरडलं नाही. आबा जागेच होते. "आज शांत आहे," एवढंच म्हणाले. कोल्ह्याचं मी आपणहून सांगितलं. त्यांनी मान हलवली.

त्यांचे पाय थंड पडलेत. आत्याला निरोप धाडला.


वाढती पाचवी.

हे लिहिलंच पाहिजे, नाहीतर मी उद्या स्वतःला काहीतरी वेगळंच सांगेन.

आत्या झऱ्याचं पाणी घेऊन आली. दारातच थबकली. "कोंबडे कुठेत याचे?"

"कोल्ह्यानं नेले."

"तिन्ही?" ती अंगणात गेली. परत आली. "पिसं नाहीत कुठे. तुझा कोल्हा पिसंसुद्धा झाडून नेतो?" मग आबांच्या उशाशी बसली. उरलेल्या पाण्याचा वाडगा तिथेच होता. मी उचलायला विसरले. रोज उचलत होते, आजच विसरले! तिनं बोट बुडवलं, वर धरलं, वास घेतला. शेपू, अजमोदा, माशांचं पाणी सगळं ओलांडून तिला पाहिजे तो वास मिळाला. आमच्या खानावळीतून ज्या वासाला ती नाक धरून जाते, तोच.

"पोरी," आत्या म्हणाली, "काय घातलंस माझ्या भावाला?"

सगळं ठरलेलं होतं. मी म्हणणार होते, मी घातलं, त्यांना माहीत नाही, पाप माझं. किती दिवस मनात घोकलं होतं. तोंड उघडलं. आणि मला आई आठवली, एनिका आठवली, आणि शब्द फुटेना. एक श्वास थांबले मी, फक्त एकच.

तेवढ्यात आबा बोलले.

"तिला काय विचारतेस? तोंड धुवायला आलीयेस ना? मग मला विचार."

आत्यानं कापड भिजवलं, त्यांचे ओठ पुसले आणि विचारलं. ससा? नाही. हंस? नाही. कोंबडा?

"खाल्ला," आबा म्हणाले. "तिन्ही खाल्ले. माझेच होते. मी मागितले. ही नको नको म्हणत होती, रडत होती. मी म्हटलं, कर."

"जाणून?"

"जाणून."

आत्यानं कापड पाण्यात टाकलं आणि पदर डोळ्यांना लावला. "अरे, का रे? तिच्याशेजारची जागा होती ना तुझी? जन्मभर एकटा राहिलास त्या जागेसाठी!"

"भूक लागली होती," आबा म्हणाले.

भूक! ज्या माणसाला पेज जात नव्हती, त्याला! तापात बरळले. माझ्या आबांनी आयुष्यात कधी खोटं सांगितलं नाही, आणि तोंड धुताना खोटं सांगितलं. मी 'नाही, नाही' म्हणत पुढे झाले, तर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, लहानपणी चीज चोरताना पकडलं की बघायचे तसं, की मी जागच्या जागी गप्प झाले. तशीच गप्प राहिले.

संध्याकाळी गेले.


वाढती सातवी.

गावाचं कुणी आलं नाही. वेशीबाहेर रस्त्याकडेला पुरलं, विबियसच्या सैन्यातल्या लोकांच्या थडग्यांशेजारी. एकही नाव आबांना वाचता आलं नसतं, एकाचीही भाषा कळली नसती. रस्त्यावरून गाड्या जात होत्या.

विबियसच्या लोकांत मेलेल्याला जेवण ठेवतात. तो घरून झाकलेला वाडगा घेऊन आला. "त्यांना आवडायचं ते," म्हणाला. मी झाकण काढलं. तेच पाणी होतं. बाजारातल्या कोंबडीचं, वर शेपू. मी त्याच्या हातातून ओढून घेतलं आणि रस्त्यावर ओतलं. तो बिचारा रिकामा वाडगा घेऊन माझ्यामागून चालत घरी आला.


पौर्णिमेनंतर कधीतरी.

गिऱ्हाइकं ते पाणी मागतात. थंडीत छातीला चांगलं, निकानोर सगळ्यांना सांगत सुटलाय. विबियस विचारत होता करू का म्हणून. कर म्हटलं. मी वाढते. 'म्हाताऱ्या कोंबड्याचं पाणी' असं ओरडून वाढते.

का बोलले आबा तसं? रोज विचार करते. त्यांना कुणी सांगितलं असेल? विबियस शपथ घेतो की त्यानं नाही. निकानोरला तर आमची भाषाही धड येत नाही. मग रागानं बोलले असतील का, मला शिक्षा म्हणून? कळलं असतं तर आबांनी वाडगा माझ्या तोंडावर फेकला असता. मी ओळखते ना त्यांना. माहीत नव्हतंच त्यांना. तापच होता.


डिसेंबर. वाढत्या चंद्राची सहावी.

आत्या आली. मला वाटलं भांडायला. म्हटलं, भांड बाई, मोकळी होईन मी तरी. पण ती चुलीपाशी बसली, टांगलेल्या कोंबड्यांकडे न बघता. एकदम म्हातारी झालीये.

"चल," म्हणाली. "टेकडीवर जाऊन यायचंय."

दिवसभर चाललो. बांधाच्या आत शिरताना कुणी अडवलं नाही. वाटेत ज्या बायका भेटल्या त्यांनी माझी विचारपूस केली, एकीनं तर आपल्या चुलीशी बसवून गरम दूध दिलं. बाप वाया गेला पण पोर चांगली निघाली, असं एकमेकींत बोलत होत्या. मला ऐकू आलं.

आईच्या दगडाशेजारी सपाट जागा होती, कडेनं लहान लहान दगड मांडलेले. ते दगड आबांनीच मांडले होते, आई गेली त्या वर्षी. गवत वाढू नये म्हणून दर वसंतात येऊन ती जागा खुरपून जायचे.

"मेलेल्या बाईच्या शेजारची जागा मोकळी ठेवू नये," आत्या म्हणाली. "वडीलधाऱ्यांशी बोलून झालंय माझं. तुझं तोंड स्वच्छ आहे. त्यानंच सांगितलं ना माझ्यासमोर, की तू नको म्हणत होतीस. ही जागा तुझी."

वारा फार होता. मला सगळं सांगून टाकायचं होतं. सांगितलं असतं तर आबांचं शेवटचं बोलणं खोटं ठरलं असतं, आणि तोंड धुताना खोटं बोलणाऱ्याला आमच्यात कुठेच जागा नाही, रस्त्याकडेलासुद्धा नाही. ते मी उभ्या उभ्याच ओळखलं.

"घेतेस ना?" आत्यानं विचारलं.

मी हो म्हणाले.